मोटर जळलेल्या माणसासाठी वेबसाइट: छोट्या धंद्याची साइट पहिल्यापासून कशी बांधायची

माझ्या मामाचं भोसरीला मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरमध्ये नवी तांब्याची तार भरून द्यायचं दुकान आहे, पंचवीसेक वर्षं झाली असतील. दोन दिवाळ्यांपूर्वी फराळाचं ताट मांडीवर घेऊन तो मला म्हणाला, "अगं, तू जगाच्या वेबसाइटी करतेस, माझी कधी करणार?" मी म्हटलं त्यात काय, चार पानांची तर साइट, पुढच्या रविवारी होऊन जाईल. झाली पण. काळं बॅकग्राउंड, तांब्याच्या तारेचा फुल स्क्रीन व्हिडिओ, बाजूने हळूच सरकत येणारी अक्षरं, एकदम भारी. मामाने चष्मा लावला, फोन हातात घेतला, अंगठ्याने वर-खाली केलं, परत वर गेला आणि म्हणाला, "छान आहे गं. पण माझा नंबर कुठाय?"

नंबर होता. चौथ्या पानावर, तीन आडव्या रेघांच्या मेन्यूच्या आत, "कॉन्टॅक्ट अस" मध्ये.

ती साइट टाकून दिली. दुसरीला दोन महिने लागले, आणि खाली जे लिहितेय ते एकतर मी त्या दोन महिन्यांत शिकले किंवा माहीत असूनही करत नव्हते. तुमचं दुकान मोटरचं नसेल, डब्यांचं असेल, क्लासेसचं असेल, फिजिओथेरपीचं असेल, क्रम साधारण हाच राहतो.

आधी दुकानात जाऊन बसा

लॅपटॉप घरी ठेवून. मी एका शुक्रवारी सकाळी आठला मामाच्या काउंटरशेजारच्या स्टुलावर वही घेऊन बसले. शुक्रवार मुद्दाम निवडला, कारण पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी ते "उशिरा आणि कमी दाबाने" येतं हे आपल्याला पेपर वाचून पाठच झालंय, आणि खालच्या टाकीत पाणी नसताना वॉचमनने सवयीने मोटर चालू केली की ती कोरडी फिरते, तापते, सील जातं आणि कधीकधी वाइंडिंगच जळतं. मामासाठी शुक्रवार म्हणजे सीझन.

अकरापर्यंत नऊ फोन झाले. विश्रांतवाडीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी: "मोटर जळलीये बहुतेक, वास येतोय, एमसीबी पण पडतोय, तुमचा माणूस न्यायला येतो का?" चाकणकडचे एक शेतकरी: "साडेसातची सबमर्सिबल आहे, बाहेर काढून ठेवलीये, आत्ता घेऊन आलो तर उद्या देता का?" एकाने फक्त "कितीला पडतं?" विचारलं, मोटरचा एचपी, म्हणजे ताकद किती, ते सांगितलंच नाही. दोघं रस्ता चुकून भलत्याच गल्लीतून फोन करत होते. नऊपैकी एकानेही मामाला स्थापना कधी झाली, व्हिजन काय, टीम किती जणांची असं विचारलं नाही.

म्हणजे प्रश्न चारच: न्यायला येता का, कधी मिळेल, किती पडतील, दुकान नक्की कुठे आहे. आणि विचारणारा माणूस कसा? टाकीपाशी उन्हात उभा, नाहीतर बेसमेंटमध्ये जिथे रेंज एक कांडी, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात टेस्टर, वरून तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ओरडतायत. हा माणूस मी एका कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवला. पुढचा प्रत्येक निर्णय, म्हणजे फॉन्ट, रंग, फोटो, हे ठेवू का ते ठेवू, त्या माणसाला विचारून घ्यायचा. मला नाही, मामाला पण नाही.

दुकानात बसणं शक्य नसेल तर मालकाकडून व्हॉट्सॲपवर आलेले शेवटचे चाळीस-पन्नास मेसेज मागून घ्या आणि लोक ज्या शब्दांत विचारतात ते शब्द जसेच्या तसे उतरवून काढा, ते पुढे लागणार आहेत.

कागद, पेन्सिल आणि फोनच्या आकाराचा चौकोन

फोन वहीवर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवा. तो चौकोन म्हणजे तुमचं पहिलं पान. त्यात पहिल्या नजरेत, बोट न लावता काय काय दिसलं पाहिजे ते लिहा. आमच्या चौकोनात चार गोष्टी आल्या: दुकानाचं नाव आणि काम एका ओळीत, आज उघडं आहे का आणि किती वाजेपर्यंत, "फोन करा" चं मोठं बटण, आणि त्याखाली व्हॉट्सॲपचं. बस. बाकी सगळं खाली सरकवल्यावर: रेट, काय काय दुरुस्त होतं, नकाशा, चार फोटो.

कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा विचार शेवटी करायचा. उलटं केलं की काय होतं, तर रुंद स्क्रीनवर तीन कॉलम छान दिसतात आणि फोनवर ते एकाखाली एक येऊन नंबर पार तळाला जातो. एकाच साइटने स्क्रीनप्रमाणे आकार बदलायचा ही रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची कल्पना ईथन मार्कोट नावाच्या वेब डिझायनरने २०१० मध्ये मांडली, आज ती गृहीतच धरलेली असते, तरी एक ओळ विसरली की सगळं मुसळ केरात: एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या कोडच्या, हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, ज्यात विड्थ ही डिव्हाइस-विड्थ एवढी आणि इनिशियल स्केल १ असं सांगायचं असतं. ती नसेल तर फोन तुमची साइट कॉम्प्युटरची समजून आक्रसून दाखवतो आणि लोक दोन बोटांनी ताणत बसतात.

कागदावर जमलं की मग फिग्मा नावाच्या डिझाइनच्या टूलमध्ये काढा. फुकट अकाउंटवर एवढं काम आरामात होतं. पण कागद सोडून थेट फिग्मात गेलात तर तुम्ही सावल्या आणि गोल कोपरे करत बसणार, मी बसलेच होते पहिल्यांदा.

आणि ते सरकणारे बॅनर, स्लायडर, कॅरोसेल जे काय म्हणाल ते, नको. क्लायंटला आवडतात कारण त्यात पाच गोष्टी "पहिल्या" ठेवता येतात आणि कोणालाच नाही म्हणावं लागत नाही. मोटर जळलेला माणूस तिसऱ्या स्लाइडची वाट बघत नाही.

मजकूर आधी, डिझाइन नंतर

डिझाइन तयार करून त्यात नंतर "इथे टेक्स्ट येईल" असं भरायचं ही सवय मोडा. मामाच्या जुन्या माहितीपत्रकात वाक्य होतं: "आम्ही सर्व प्रकारच्या विद्युत मोटर्स व पंपांच्या पुनर्वेष्टन सेवा क्षेत्रातील अग्रगण्य नाव आहोत, ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय." पुनर्वेष्टन! मामाला स्वतःला तो शब्द दोनदा वाचावा लागला. त्याच्या जागी आता असं आहे: "पाण्याची मोटर जळली? भोसरीत रिवाइंडिंग करून देतो. अर्धा एचपी ते २० एचपी. सोसायटीची असेल तर आमचा माणूस न्यायला येतो."

हे शब्द फोनवर बोलणाऱ्या लोकांचे आहेत, म्हणून गुगलवर पण तेच टाइप होतात. कोणी "मोटर रिवाइंडिंग भोसरी" टाकतं, कोणी "रिवायंडिंग", बरेच जण इंग्रजी लिपीतच लिहितात, म्हणून मराठी मजकुरात एकदोन ठिकाणी इंग्रजी लिपीतलं नाव पण येऊ द्या. फक्त एकच शब्द वीस वेळा कोंबू नका, वाचणाऱ्याला कळतं आणि गुगललाही कळतं.

लोक वेबसाइट ओळीन्‌ओळ वाचत नाहीत, चाळतात, लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने हे १९९७ सालीच लिहून ठेवलंय आणि तेव्हा तर लोकांच्या फोनवर इंटरनेट जवळजवळ नव्हतंच. त्यामुळे हेडिंगमध्येच उत्तर द्या. "आमच्या सेवा" हे हेडिंग नाही, ते रिकामं डबडं आहे. "किती दिवसांत मिळेल?" हे हेडिंग, आणि खाली लगेच: साधी मोनोब्लॉक असेल तर साधारण दुसऱ्या दिवशी, सबमर्सिबलला दोन-तीन दिवस, वार्निश सुकायला वेळ द्यावाच लागतो. मामा हे फोनवर दिवसातून दहा वेळा सांगतो, तेच लिहायचं.

रेट लिहायचे का नाही यावर आमचं मोठं भांडण झालं. मामा म्हणे तांब्याचा भाव रोज हलतो, लिहून अडकायचं कशाला. शेवटी "एवढ्यापासून एवढ्यापर्यंत" असं लिहिलं आणि खाली तारीख घातली. "कितीला पडतं" वाले फोन कमी झाले आणि जे येतात ते निम्मं ठरवूनच येतात. रेटचा तक्ता मात्र आधी पाच कॉलमचा केला होता, तो फोनवर बाहेर सांडत होता, आता दोनच कॉलम आहेत, एचपी आणि खर्च.

वेळ लिहिताना सुट्टी ठळक लिहा. भोसरीत गुरुवारी बंद असतं हे तिथल्या माणसाला माहीत असतं, येरवड्याहून टेम्पोत मोटर घालून आणणाऱ्याला नसतं.

मराठी अक्षरं: इथे सगळे घसरतात

बाहेरचे टेम्प्लेट, म्हणजे साइटचे तयार साचे, इंग्रजीसाठी बनलेले असतात, त्यात मराठी ओतलं की काय काय बिघडतं ते नीट बघा, कारण टेम्प्लेट विकणाऱ्याने ते कधी बघितलेलं नसतं.

पहिलं म्हणजे ओळींमधलं अंतर. इंग्रजीला १.४ पुरतं, पण आपल्याकडे वर वेलांट्या-रफार आणि खाली उकार, त्यामुळे १.६ ते १.७ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा "कृ" खालच्या ओळीच्या "र्की" वर जाऊन बसतो. दुसरं, अक्षरांमधलं अंतर, लेटर-स्पेसिंग. टेम्प्लेटमध्ये हेडिंगला फॅशन म्हणून ते वाढवलेलं असतं, आणि देवनागरीत ते केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. शून्य करा. तिसरं, दोन्ही कडा सरळ करायचा जस्टिफाय, तो अरुंद फोनवर शब्दांमध्ये खिंडी पाडतो. डावीकडून सरळ ठेवा, उजवीकडे ओबडधोबड राहू दे.

मजकुराचा आकार १६ पिक्सेलच्या खाली नेऊ नका, मराठीला मी १८ ठेवते. मामाच्या वयाच्या माणसाला चष्मा शोधायला लावायचा नसतो.

एचटीएमएलच्या सगळ्यात वरच्या टॅगमध्ये लँग हा ॲट्रिब्यूट असतो, तिथे टेम्प्लेटमध्ये इंग्रजीचं ईएन असतं, ते बदलून एमआर करा. हे एवढ्यासाठी की "ल" आणि "श" ही अक्षरं मराठीत आणि हिंदीत वेगळ्या वळणाने काढतात, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली आहेत तो ही खूण बघून मराठी वळण दाखवतो. शिवाय फोन ज्यांना मजकूर वाचून दाखवतो त्यांच्यासाठी कुठल्या भाषेचा आवाज लावायचा ते पण इथूनच ठरतं. दोन अक्षरांचं काम आहे, तरी अगदी मोठमोठ्या मराठी साइटवर पण चुकलेलं सापडतं.

फॉन्ट निवडताना माझी एक परीक्षा आहे. "दुसऱ्या तऱ्हेचा पुऱ्या तळणारा" असं काहीतरी टाइप करायचं आणि तो अर्धा र, कोयत्यासारखा वाकलेला, नीट येतो का बघायचं. नाही आला तर फॉन्ट कितीही देखणा असो, सोडायचा. मुक्ता, हिंद, बालू, नोटो सॅन्स देवनागरी, हे सगळे गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. मजकुराला मुक्ता मला आवडतो, शांत आहे, आणि इंग्रजी अक्षरं पण त्यातच येतात त्यामुळे "एचपी" इंग्रजीत लिहिलं तरी उपरं वाटत नाही. बालू पाटीसारख्या मोठ्या हेडिंगला, परिच्छेदाला नको.

फॉन्टची दोनच वजनं घ्या, साधं आणि ठळक. देवनागरीत जोडाक्षरांमुळे फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा चांगलीच जड होते आणि सात वजनं लावलीत तर एक कांडी रेंजवाला माणूस कोऱ्या पानाकडे बघत बसेल. फॉन्ट-डिस्प्ले ला स्वॅप लावलं तर तो येईपर्यंत फोनमधला फॉन्ट दिसत राहतो. खरं सांगायचं तर मामाच्या साइटवर शेवटी मी मजकुराला वेगळा फॉन्ट लावलाच नाही, अँड्रॉइडमध्ये नोटो आणि आयफोनमध्ये कोहिनूर देवनागरी आधीच असतात, दोन्ही चांगले आहेत, डाउनलोड शून्य. फक्त नावाच्या पाटीला बालू.

अजून एक डोकेदुखी म्हणजे प्रेसमधून आलेला मजकूर. जुन्या डीटीपी फॉन्टात टाइप केलेलं असतं, वर्डमध्ये झकास मराठी दिसतं आणि ब्राउझरमध्ये पेस्ट केलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. तो युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसणारा मजकूर, नसतो. कन्व्हर्टर मिळतात, पण नंतर प्रत्येक शब्द डोळ्याखालून घालावा लागतो, आणि दोन पानं असतील तर सरळ परत टाइप करणं लवकर होतं.

पानाचे पत्ते मात्र इंग्रजी लिपीतच ठेवा. मराठीत ठेवले तर ब्राउझरमध्ये छान दिसतात पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकले की टक्क्यांच्या चिन्हांची हातभर लांब शेपटी होते आणि लोकांना वाटतं व्हायरस आहे.

रंग: भगव्यावर पांढरं नको

मामाच्या पाटीवर भगव्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं आहेत आणि त्याला साइटवर तेच हवं होतं. रस्त्यावरची पाटी फूटभर उंच अक्षरांची असते, तिथे चालून जातं. फोनवर काय होतं ते आकड्यात बघा. अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला फरक मोजायचं एक प्रमाण आहे, डब्ल्यूसीएजी नावाच्या नियमावलीप्रमाणे साध्या मजकुराला तो किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या ठळक अक्षरांना ३ ला १ चालतो. आपल्या नेहमीच्या भगव्यावर पांढरं ठेवलं तर येतं साधारण २.१. नापास. त्याच भगव्यावर काळी अक्षरं ठेवली तर जवळजवळ १०. मी मामाला दुकानाबाहेर उन्हात उभं करून दोन्ही दाखवलं, एका मिनिटात पटलं, पाटीचा भगवा पण राहिला.

डिझायनर मंडळींचा लाडका तो फिकट राखाडी, हॅश आणि पुढे सहा वेळा ९, पांढऱ्यावर २.८ च्या आसपास येतो, तो पण नापास. राखाडीच हवा असेल तर हॅश ७६७६७६, तो काठावर पास आहे. हे मोजायला काही विकत घ्यायला नको, क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये, म्हणजे पान आतून तपासायच्या खिडकीत, रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की आकडा तिथेच दिसतो, आणि पूर्ण पान एकदम तपासायचं तर वेबएआयएमचं वेव्ह नावाचं फुकट टूल आहे.

फोटो आणि वेग

फोटो स्टॉकचे नकोत. निळी हेल्मेट घालून हसणारे परदेशी इंजिनियर भोसरीत कुणाला पटणार? मी फोनने काढले: जळून काळं झालेलं वाइंडिंग आणि शेजारी तीच मोटर नव्या तांब्याची, दुकानाचं शटर रस्त्यावरून कसं दिसतं ते, आणि मामा कॉइल भरताना. शटरच्या फोटोचा उपयोग सगळ्यात जास्त, लोक तो बघून दुकान ओळखतात.

फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" सांगा, नाहीतर तो आधीच चुरगळून येतो. आणि अस्सल फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच साइटवर चढवू नका, ही चूक मी इतक्या ठिकाणी बघितलीय की मोजणं सोडलं. स्क्वूश नावाचं क्रोमवाल्यांचं टूल आहे, ब्राउझरमध्येच चालतं, त्यात फोटो टाका, रुंदी १२०० पिक्सेल करा, प्रकार वेबपी, क्वालिटी ७५, आणि डावी-उजवीकडे पट्टी सरकवून फरक दिसतो का बघा. माझे फोटो दीडशे केबीच्या आसपास उतरले, आणि काहीही कमी दिसत नव्हतं.

प्रत्येक फोटोला एचटीएमएलमध्ये रुंदी आणि उंचीचे आकडे लिहा, म्हणजे फोटो यायच्या आधी ब्राउझर जागा राखून ठेवतो. नाहीतर माणूस "फोन करा" वर बोट टेकवणार तेवढ्यात वरचा फोटो येतो, सगळं खाली ढकललं जातं आणि बोट भलतीकडेच पडतं. खालच्या फोटोंना लोडिंग लेझी लावा, म्हणजे माणूस तिथवर सरकला की मगच ते येतात, सगळ्यात वरच्याला मात्र लावू नका, तोच तर आधी यायला हवा. आणि फोटो न दिसणाऱ्याला वाचून दाखवला जाणारा ऑल्ट मजकूर लिहा, "फोटो १" नाही, "जळलेलं वाइंडिंग आणि नवीन वाइंडिंग शेजारी शेजारी".

मग पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग मोजायच्या टूलमध्ये साइटचा पत्ता टाका. आकडे खूप येतात, घाबरू नका, तीन बघा. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट दिसायला लागलेला वेळ, एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत हवा. दाबल्यावर पान प्रतिसाद किती लवकर देतं, आयएनपी, २०० मिलिसेकंदांच्या आत (हे माप मार्च २०२४ पासून जुन्या एफआयडीच्या जागी आलंय, त्यामुळे जुने लेख वाचून गोंधळू नका). आणि पान किती हलतं, सीएलएस, ०.१ च्या आत. साइट नवी असेल तर खऱ्या लोकांचा डेटा नसतो, नुसती प्रयोगशाळेतली चाचणी दिसते, तिच्यात आयएनपी नसतो, पण सुरुवातीला ती पण पुरे. माझ्या पहिल्या साइटचा एलसीपी अकरा सेकंद होता, त्या तांब्याच्या व्हिडिओची कृपा.

वर दिसणारा शंभरपैकी मार्कांचा गोल आहे ना, त्याच्या मागे लागून रात्री जागवू नका. डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये स्पीड ३जी करून पान उघडा आणि घड्याळ बघा, बेसमेंटमधल्या माणसाला काय सोसावं लागतं ते तिथेच कळतं.

बटण आणि फॉर्म

नंबर फोटोत लिहू नका. नंबरला टेल ची लिंक लावा म्हणजे दाबला की फोन लागतो. व्हॉट्सॲपसाठी डब्ल्यूए डॉट एमई ची लिंक, पुढे ९१ आणि नंबर, अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही, स्पेस नाही. तिच्यातच टेक्स्ट म्हणून आधीच मेसेज भरून ठेवता येतो, आम्ही ठेवलाय: "मोटर किती एचपी: / कुठे आहे: / नेमप्लेटचा फोटो पाठवतो". मामाचे निम्मे उलटे प्रश्न तिथेच टळले.

बटणाची उंची ४८ पिक्सेल तरी हवी, दोन बटणांत मोकळी जागा हवी, हात ओला असतो, ग्रीस लागलेलं असतं. "सबमिट" आणि "क्लिक हिअर" असलं काही लिहू नका, दाबल्यावर काय होणार ते लिहा.

फॉर्म आम्ही ठेवला होता, काढून टाकला. कोणी भरला नाही, भरला असता तरी मामा ईमेल बघत नाही. तुम्हाला लागत असेल तर नाव आणि नंबर एवढंच मागा, नंबरच्या रकान्याचा टाइप टेल ठेवा म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड उघडतो, आणि रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलच्या खाली नेऊ नका, आयफोन त्यावर बोट ठेवलं की पानच मोठं करून टाकतो. जन्मतारीख, पत्ता, "आमच्याबद्दल कुठून कळलं", कशाला? २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे आता, लोकांची माहिती गोळा केली की सांभाळायची जबाबदारी पण तुमचीच.

कशात बनवायची

रोज-आठवड्याला मजकूर बदलणार असेल, ब्लॉग असेल, दुकानातलाच माणूस बदल करणार असेल तर वर्डप्रेस हे साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर घ्या, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट त्यावरच आहेत, मदत करणारा गल्लीत मिळतो. पण अपडेट आणि बॅकअप कोण बघणार ते आधी ठरवा, आणि प्लगइन, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, मोजून पाच-सहा, प्रत्येक जास्तीचं प्लगइन म्हणजे हॅकरला एक जास्तीचं दार. मामासारखी चार पानं, वर्षातून दोनदा बदल, तर साधं एचटीएमएल आणि सीएसएस, क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफाय वर फुकट ठेवता येतं, हॅक होण्यासारखं त्यात काही नसतंच जवळजवळ. एआयला सांगून पाच मिनिटांत पान मिळतं तेही घ्या हवं तर, पण मजकूर त्याचा ठेवू नका, लगेच "अग्रगण्य" सुरू होतं.

डोमेन कोणाच्या नावावर

हा भाग छोटा आहे पण यात लोक रडताना बघितलेत. माझ्याकडे एकदा एक क्लासवाले आले, आठ वर्षांची साइट, आधीच्या डेव्हलपरने डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं, आणि तो आता फोन उचलत नव्हता. डोमेन संपलं, दुसऱ्या कुणीतरी उचललं. बॅनरवर, पावत्यांवर, टी-शर्टवर छापलेला पत्ता गेला तो गेला.

तर डोमेन मालकाच्याच नावावर, मालकाच्याच ईमेलवर, ओटीपी मालकाच्याच फोनवर. पैसे भरायला तुम्ही बसा शेजारी. पहिल्या वर्षीचा स्वस्त भाव बघून भुलू नका, रिन्युअलचा भाव विचारा. नाव असं घ्या की फोनवर सांगितलं तर समोरच्याला एकदाच सांगावं लागेल, आम्ही मामीला दुसऱ्या खोलीत पाठवून तिथून फोन करून तीन नावं सांगितली, जे तिने पहिल्यांदा बरोबर लिहिलं ते घेतलं. डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं, हौस म्हणून घ्या, मुख्य पत्ता डॉट इन किंवा डॉट कॉम असू दे.

एचटीटीपीएस, म्हणजे साइट आणि फोन यांच्यातली सुरक्षित जोडणी, लावाच. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट आहे, बहुतेक होस्टिंगवर आपोआप लागतं. जुलै २०१८ पासून क्रोम त्याशिवायच्या साइटवर "नॉट सिक्युअर" दाखवतो, आणि ते बघून लोकांना वाटतं दुकानच फसवं आहे.

गुगलवर दुकान

स्थानिक धंद्याला साइटइतकंच महत्त्वाचं गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या नकाशावरची दुकानाची नोंद. नाव, पत्ता, नंबर, वेळ साइटवर जे आहे तेच तिथे, अक्षरन्‌अक्षर. पिन स्वतः दुकानात उभं राहून बरोबर जागी ओढा, आमची मागच्या गल्लीत पडली होती, ते दोन चुकलेले फोन तिच्यामुळेच. प्रत्येक पानाचं टायटल वेगळं, "होम" नाही, "पाण्याची मोटर रिवाइंडिंग, भोसरी" असं. गुगलचं सर्च कन्सोल नावाचं टूल जोडून ठेवा, लोक काय टाइप करून येतात ते तिथे दिसतं, महिन्यातून एकदा बघितलं तरी पुष्कळ.

पाच माणसं

लाइव्ह करण्याआधी पाच जणांना फोन हातात द्या. नील्सननेच २००० साली म्हटलंय की पाच जणांत बहुतेक मोठ्या चुका सापडतात, आणि माझा अनुभव तोच आहे. घरचे नकोत, ते छानच म्हणतात. मी आमच्या सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, एक रिक्षावाले काका, वरच्या मजल्यावरच्या आजी आणि मामाचा एक जुना गिऱ्हाईक असे धरले. साइट कशी वाटली असं विचारायचं नाही. काम सांगायचं: "मोटर जळलीये, पाच एचपीची आहे, काय करशील?" आणि मग तोंड बंद ठेवायचं. हे सगळ्यात अवघड, बोट आपोआप स्क्रीनकडे जातं.

वॉचमनने नऊ सेकंदांत फोन लावला. आजींनी "आज उघडं" चं हिरवं लेबल बटण समजून चार वेळा दाबलं, म्हणून त्याची बटणासारखी चौकट काढली. रिक्षावाले काका रेटच्या तक्त्यापाशी थांबले आणि म्हणाले, "एचपी कुठं लिहिलेला असतो मोटरवर?" हा प्रश्न मला दोन महिन्यांत सुचला नव्हता, मामाला पंचवीस वर्षांत नाही. दुसऱ्या दिवशी नेमप्लेटचा फोटो काढला, एचपीच्या आकड्याभोवती लाल गोल केला आणि तक्त्याच्या वर लावला. सर्च कन्सोलमध्ये आता "मोटरवर एचपी कसा बघायचा" असं शोधून पण लोक येतात, त्यातले काही नाशिकचे, काही सोलापूरचे, मामाला त्यांचा काही उपयोग नाही, पण तो त्यांचे पण फोन घेतो.

डोमेनच्या रिन्युअलची तारीख मामीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीये, गॅस नोंदवल्याच्या तारखेच्या खाली.